कॅनडा पीआर: प्रूफ ऑफ फंड्ससाठी बँकेचं पत्र कसं मिळवावं

एक्सप्रेस एंट्रीत (कॅनडाच्या पीआरची, म्हणजे कायम वास्तव्याची, ऑनलाइन अर्जपद्धत) आयटीए, म्हणजे अर्ज करायचं आमंत्रण, आलं की अर्ज भरायला 60 दिवस मिळतात. इतर कागदांच्या धावपळीत पुरेसे पैसे असल्याचा पुरावा (प्रूफ ऑफ फंड्स) म्हणून लागणारं बँकेचं पत्र मागे पडतं, आणि शाखेत नेमकं त्यालाच वेळ लागतो. म्हणून सुरुवात त्यापासूनच करा.

एक्सप्रेस एंट्रीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर (कुशल नोकरदार) आणि फेडरल स्किल्ड ट्रेड्स (कुशल कारागीर) या गटांतून जाणाऱ्यांना निधी दाखवावा लागतो. कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासवाल्यांना (कॅनडात कामाचा अनुभव असलेल्यांना) नाही. कॅनडात काम करायचा परवाना आणि वैध जॉब ऑफर दोन्ही असतील तरीही नाही. पण सूट असली तरी पोर्टल कागद मागू शकतं. तिथे सूट का मिळते ते लिहिलेलं पत्र अपलोड करा, रकाना रिकामा सोडू नका.

जुलै 2025 मध्ये लागू झालेले किमान निधीचे आकडे कॅनेडियन डॉलरमध्ये असे: एकट्यासाठी 15,263, दोघांसाठी 19,001, तिघांसाठी 23,360, चौघांसाठी 28,362. हे दरवर्षी बदलतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी सरकारी तक्ता पुन्हा बघा. माणसं मोजताना बरेच जण चुकतात. नवरा किंवा बायको आणि अवलंबून असलेली मुलं मागे राहणार असली तरी मोजायचीच.

आता पत्र. शाखेतून सहसा ‘अमुक तारखेला इतकी शिल्लक’ अशा एका ओळीचं बॅलन्स सर्टिफिकेट हातात पडतं. ते पुरत नाही. लेटरहेडवर बँकेचा पत्ता, फोन आणि ईमेल हवा. तुमचं नाव, प्रत्येक खात्याचा नंबर, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक आणि मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक हवी. क्रेडिट कार्ड आणि कर्जाची बाकीही त्यातच यायला हवी. कर्ज नसेल तर ‘कोणतीही बाकी नाही’ हे वाक्य मागून घ्या. मसुदा स्वतः टाइप करून मॅनेजरकडे न्यावा, हे उत्तम; तोंडी सांगितलं की एखादी ओळ हमखास गळते. सरासरी लिहून द्यायला बँक तयार नसेल, तर शिक्का मारलेली सहा महिन्यांची स्टेटमेंट जोडा आणि तसं स्पष्टीकरणाच्या पत्रात लिहा.

सरासरीवर एवढा भर का, ते हिशोबात दिसतं. चार महिने खात्यात 2 लाख आणि शेवटचे दोन महिने 20 लाख असतील, तर सरासरी येते 8 लाख. आजची शिल्लक भरपूर, पण अधिकाऱ्याला पहिला प्रश्न पडतो की हे 18 लाख आले कुठून. उसने घेतलेले पैसे चालत नाहीत, म्हणूनच हा प्रश्न येतो. आईवडिलांनी दिले असतील तर परतफेड करायची नाही असं स्पष्ट लिहिलेलं गिफ्ट डीड, त्यांच्या खात्याचं स्टेटमेंट आणि ट्रान्सफरची नोंद, तिन्ही जोडा. एफडी मोडून पैसे आले असतील तर ती बंद केल्याची पावती लावा.

राहत्या घराची किंमत मोजली जात नाही. घर आणि सोनं धरून सीएकडून घेतलेल्या नेटवर्थ सर्टिफिकेटवर कृपया पैसे घालवू नका. एफडी चालते, पण ती कधीही मोडता येते हे पत्रात यायला हवं. कर्जासाठी तारण ठेवलेली एफडी धरू नका. जोडीदार सोबत येणार असेल तर जॉइंट खातं धरता येतं. खातं फक्त त्याच्या किंवा तिच्या नावावर असेल तर ते पैसे तुम्हाला वापरता येतात याचा पुरावा लागतो.

नेमकी रक्कम ठेवणं धोक्याचं आहे. चौघांच्या कुटुंबाला कॅनेडियन डॉलर 60 रुपये असताना सुमारे 17.02 लाख लागतात, 63 झाला की 17.87 लाख. निधी अर्जाच्या वेळीही हवा आणि व्हिसा मिळतानाही हवा, मधल्या महिन्यांत रुपया घसरू शकतो. दहा टक्के जास्त ठेवा आणि त्या पैशाला हात लावू नका.

उतरताना 10,000 कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रोख, ड्राफ्ट वगैरे जवळ असेल तर विमानतळावर कस्टम्सला सांगावंच लागतं. सांगितल्याने कर लागत नाही. लपवलं तर रक्कम जप्त होऊ शकते.