संग्रहालयाच्या दालनातली प्रकाशयोजना: आधी हिशेब, मग दिवे

दिव्यांचा कॅटलॉग उघडण्याआधी मांडायच्या वस्तूंची यादी घ्या. उजेडाने एकदा उडालेला रंग कोणताही संवर्धक परत आणू शकत नाही. कापड, जलरंगातली चित्रे, हस्तलिखिते यांच्यावर ५० लक्सची (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) मर्यादा पाळा. तैलचित्रे, हाड, हस्तिदंत यांना १५० ते २०० लक्स चालतात. दगड, धातू आणि भाजलेल्या मातीला उजेडाने सहसा काही होत नाही.

लक्स हा मात्र अर्धाच हिशेब. हानी ठरते ती लक्स गुणिले तास यावर. ५० लक्स, रोज ८ तास, म्हणजे दिवसाला ४०० लक्स-तास. सर्वांत नाजूक वस्तूंना आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने २००४ मध्ये वर्षाला १५,००० लक्स-तासांची मर्यादा सुचवली. ती अडतिसाव्या दिवशीच संपते! त्यामुळे अशा वस्तू आलटूनपालटून मांडा, किंवा माणूस जवळ आल्यावरच दिवा उजळवणारा सेन्सर लावा. साफसफाईचे तासही यात धरावे लागतात, हे हमखास विसरले जाते.

भिंतीवरच्या चित्रासाठी दिव्याचा झोत उभ्या रेषेशी ३० अंशांचा ठेवा. दिवा ३.६ मीटरवर आणि चित्राचा मध्य १.५ मीटरवर असेल, तर फरक २.१ मीटर; त्याला ०.५८ ने गुणा. ट्रॅक, म्हणजे दिवे अडकवायची छताची पट्टी, भिंतीपासून साधारण १.२ मीटरवर येईल. ट्रॅक भिंतीच्या फार जवळ घेतला तर चौकटीची लांब सावली चित्रावर पडते आणि रंगाचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. फार लांब नेला तर काचेत दिवा चमकतो आणि पाहणाऱ्याचीच सावली चित्रावर येते.

५० लक्स अंधुक वाटतात ते बहुतेक वेळा आजूबाजूच्या उजेडामुळे. उन्हातून थेट आत आलेल्या डोळ्यांना सरावायला काही मिनिटे लागतात, म्हणून प्रवेशाच्या वाटेवर उजेड टप्प्याटप्प्याने उतरवा. पार्श्वभूमी वस्तूपेक्षा काळोखी ठेवा. पांढरी भिंत ही नाजूक कापडाची वैरीण!

एलईडी घेताना सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर हवाच, पण आर९ चा, म्हणजे गडद लाल रंगाचा, वेगळा आकडाही मागा. तो कमी असला की लाल रंग मलूल दिसतो. कमी लक्सला ३००० केल्विनच्या आसपासचा उबदार उजेड डोळ्यांना बरा वाटतो. डिमरवर दिवा अगदी मंद करून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहा. पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतो आहे, दिवा-डिमरची ती जोडी बदला.

बंद शोकेसमध्ये ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारे उपकरण) कधीही ठेवू नका. त्याच्या उष्णतेने आतली हवा तापते, सापेक्ष आर्द्रता घसरते, रात्री पुन्हा चढते. या रोजच्या चढउतारात लाकूड तडकते. ड्रायव्हर बाहेर, हवेशीर कप्प्यात, काच न उघडता हात पोचेल असा बसवा.

शेवटी लक्स मीटर वस्तूच्या पृष्ठभागाला समांतर धरून सर्वांत उजळ जागी मोजा. सरासरी आकडा इथे कामाचा नाही, कारण रंग आधी तिथेच उडेल. मग चाकाच्या खुर्चीत बसलेल्याच्या नजरेच्या उंचीवरून प्रत्येक काचेत दिवा चमकतो का ते तपासा.