शाळेचा ग्रुप, फीचा स्क्रीनशॉट आणि व्हॅनचं लोकेशन: सांगलीतल्या धावपळीच्या घरासाठी फोनची मांडणी

शाळेच्या ग्रुपवरची सूचना सहसा वाचलेली असते, तरी चुकते. वाचली जाते दुपारी दीडला, कामाच्या गडबडीत. आणि उपयोगी पडायला हवी संध्याकाळी, स्टेशनरीचं दुकान बंद व्हायच्या आत. मधल्या वेळेत त्यावर 'ओके मॅडम'चे चाळीस मेसेज साचतात. मेसेजला स्टार करून ठेवणं बहुतेकांना माहीत असतं, पण स्टार केलेलं उघडून बघायची आठवण कोण करून देणार?

म्हणून सूचना वाचल्या वाचल्या गूगल कॅलेंडर उघडा, अधिकचं चिन्ह दाबून 'इव्हेंट' निवडा. 'शनिवारी चार्ट पेपर द्यायचा' असं लिहू नका. 'चार्ट पेपर आणणे' असं लिहा आणि वेळ द्या शुक्रवारी संध्याकाळी 6.30ची, म्हणजे तुम्ही विश्रामबागेतून घरी निघता ती. नोंद कामाच्या वेळेची हवी, मुदतीची नव्हे. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला. खाली पाहुण्यांच्या रकान्यात घरातल्या दुसऱ्या माणसाचा जीमेल पत्ता घातला की नोंद त्यांच्याही फोनवर दिसते. 'टास्क' निवडलात तर ही सोय मिळत नाही.

आठवण वाजलीच नाही, ही तक्रार पुष्कळांची. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच फोन मागे चालणारी ॲप्स झोपवतात. सेटिंग्ज, ॲप्स, कॅलेंडर, बॅटरी असं जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही फोनांत 'ऑटोस्टार्ट'ही चालू करावं लागतं. मग दहा मिनिटांनंतरची एक खोटी नोंद घालून, स्क्रीन बंद करून वाट बघा. वाजली तरच भरवसा ठेवा. फोन सायलेंटवर असला तर मात्र कॅलेंडर गप्प राहतं, घड्याळाचा अलार्म वाजतो. सकाळच्या तयारीला अलार्मच लावा, त्याला 'डबा, पाणी, ओळखपत्र' असं नाव द्या. शनिवारी सकाळची शाळा असेल तर त्याचा अलार्म वेगळा. सोमवार ते शुक्रवारच्याच अलार्ममध्ये शनिवार टिकमार्क केला की घोळ ठरलेला.

फी यूपीआयने भरताना 'नोट'च्या जागी मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी लिहा. स्क्रीनशॉट काढताना त्यात 12 अंकी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, दिसतोय ना, हे बघा. नुसती हिरवी टिक दाखवून कार्यालयातल्या क्लार्कला बँकेच्या यादीत तुमची रक्कम सापडत नाही.

व्हॅनवाल्या काकांना लाइव्ह लोकेशन मागायचं तर गाडी सुरू करण्याआधीच पाठवायला सांगा, चालवताना नको. व्हॉट्सॲपवर 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास असे पर्याय येतात. मिरजेहून येणाऱ्या व्हॅनला 1 तास पुरे. ठिपका एकाच चौकात अडकून पडला तर रस्ता जाम आहे असं लगेच समजू नका. त्यांच्या फोनची रेंज गेलेली असते किंवा लोकेशनची परवानगी 'ॲप वापरताना' एवढीच दिलेली असते.

तापाच्या औषधाचा फोटो घ्याच, तोही लेबलवरची ताकद वाचता येईल इतक्या जवळून. पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलिलिटरमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅमचं मिळतं, तसंच 250चंही. डॉक्टरांनी एकाचं माप सांगितलं आणि घरात दुसरी बाटली असली, तर तेवढ्याच मिलिलिटरला डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मुलाचं अलीकडचं वजन एकाच नोटमध्ये ठेवा, आणि ती आजीच्या फोनवरही पाठवा. दुपारी डोस तीच देणार असते.

जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 40 फुटांच्या इशाऱ्याकडे सरकली की सुट्टीची पत्रं ग्रुपवर फिरू लागतात. त्यात जुन्या वर्षांचीही असतात. फोटो मोठा करून आधी तारीख आणि जावक क्रमांक बघा, मग तीच सूचना वर्गशिक्षकांकडून आली आहे का ते पाहा. डिजिलॉकरमधली आधार वगैरे कागदपत्रं पीडीएफ करून याच दिवसांत फोनमध्ये उतरवून घ्या. पूर आला आणि नेट गेलं की ॲप उघडून काही हाती लागत नाही.