असाइनमेंटमध्ये एआय वापरताय? या चुका टाळा

सबमिशनच्या आठवड्यात चॅटजीपीटी उघडण्याआधी एवढं बघा: या कामाचे गुण नेमके कशासाठी आहेत? ज्यासाठी गुण आहेत तेच एआयकडून करून घेतलंत, तर ती कॉपीच. भाषा तपासून घेणं चालेल का, हे मात्र विषयागणिक बदलतं. एका मॅडमना चालतं ते दुसऱ्या सरांना चालेलच असं नाही. आधी विचारा, शक्यतो ईमेलवर, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

सगळ्यांत महाग पडते ती न पाहिलेल्या संदर्भांची चूक. समजा, प्रकल्प पानशेतच्या पुरावर आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला दोन्ही धरणं फुटली, हे एआय बहुधा बरोबर सांगेल. संदर्भ मागितलेत की लेखक, नियतकालिक, पृष्ठक्रमांक असं सगळं देईल, आणि तो लेख कदाचित कुणी लिहिलेलाच नसेल. हे मॉडेल पुढचा संभाव्य शब्द जुळवतं. इंटरनेटवरचा शोध सुरू नसेल, तर ते ग्रंथालयात डोकावत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेल्या अशाच बनावट खटल्यांचे दाखले कोर्टात दिले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. म्हणून प्रत्येक संदर्भ स्वतः शोधा. लेखाचा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून पाहा, प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, पुस्तक पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये. सापडल्यावर ते पान वाचाही. नाव खरं आणि मजकूर भलताच, असंही होतं, आणि व्हायवात नेमकं तेच विचारलं जातं.

‘सिमिलॅरिटी दहा टक्क्यांच्या आत आली, आता चिंता नाही’ हा समज सोडा. यूजीसीची ती मर्यादा २०१८ च्या नियमांतली, चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. ती टक्केवारी दुसरीकडच्या मजकुराशी असलेलं साम्य मोजते; लिहिलं कुणी, हे सांगत नाही.

उलटी अडचणही येते: स्वतः लिहिलंत आणि एआयचा मजकूर ओळखणाऱ्या डिटेक्टरने ते एआयचं ठरवलं. घाबरून कबुली देऊ नका. ही साधनं चुकतात. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. गुगल डॉक्समधली व्हर्जन हिस्टरी, वहीतली टिपणं, कच्चे मसुदे घेऊन सरांना भेटा आणि तोंडी प्रश्न विचारायला सांगा. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एकाच फाइलमध्ये लिहा. शेवटच्या रात्री सगळं एकदम पेस्ट केलंत तर दाखवायला काहीच उरत नाही.

सर्वेक्षणातल्या लोकांची नावं, फोन नंबर एआयला देऊ नका. त्यांनी संमती तुम्हाला दिली आहे.

एआय वापरलं असेल तर अहवालात तसं लिहा: ‘प्रश्नावली आणि विश्लेषण माझं; प्रस्तावनेचं शुद्धलेखन चॅटजीपीटीकडून तपासून घेतलं.’ नुसतं ‘एआयची मदत घेतली’ एवढ्यावर थांबलात, तर परीक्षकाला काहीच कळत नाही.