पोर्क चॉप कोरडे पडतात? त्याच तव्यात सफरचंद टाका

चॉप बाहेरून खरपूस होईपर्यंत आतून चामडं होतात. म्हणून ते जरा लवकर उतरवायचे आणि उरलेलं काम सफरचंदावर सोपवायचं.

१. हाडासकट, इंचभर जाडीचे चॉप घ्या. कडेच्या चरबीला दोन-तीन चिरा द्या, नाहीतर ते वाटीसारखे वळतात. मीठ-मिरी लावून अर्धा तास ठेवा, मग कोरडे पुसा.

२. जाड तव्यात थोडं तेल, दोन्ही बाजू ४-४ मिनिटं. ताटलीत काढा.

३. त्याच चरबीत उभा चिरलेला कांदा आणि आंबटसर हिरव्या सफरचंदाच्या सालीसकट फोडी. कडा तांबूस झाल्या की अर्धी वाटी पाणी, चमचाभर व्हिनेगर, गुळाचा छोटा खडा. तळाला चिकटलेलं उलथन्याने खरवडा, खरी चव तिथेच असते.

४. चॉप, ताटलीत सुटलेल्या रसासकट, परत टाका. २-३ मिनिटं. थर्मामीटर असेल तर मधोमध ६३ अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. मग ३ मिनिटं तसेच राहू द्या.

अननसही छान लागतो, पण न शिजवलेल्या अननसात मांस रात्रभर मुरवू नका. मी मुरवलं होतं. सकाळी हात लावला तर नुसता लगदा.