वावरातून आकाशदर्शन: अंधाराला डोळे कसे सरावावेत

तारे बघायला इंग्लिश खाडीतल्या, अंधाऱ्या आकाशासाठी नावाजलेल्या सार्कसारख्या बेटावरच जावं लागतं, असं समजून कितीतरी लोक घरीच बसतात. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. तेही दूर पडत असेल, तर गावाबाहेरचं वावर पुरे.

दिवाळीनंतर माघापर्यंत, अमावास्येच्या आगेमागे जा. मालकाला विचारा आणि जागा उजेडीच बघून ठेवा. रानडुकरांसाठी धुऱ्यावर झटक्याची तार असते, कुठे कुठे तर थेट वीजच सोडलेली असते. रात्री धुरे ओलांडायचे नाहीत म्हणजे नाहीत. बाज टाका, घोंगडी घ्या.

आता खरी गोम. ‘पाच मिनिटांत डोळे सरावतात’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. अंधारात दिसतं ते डोळ्याच्या पडद्यावरच्या, मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशींमुळे, आणि त्यांतलं रंगद्रव्य पुरेसं भरून यायला निदान अर्धा तास लागतो. मध्येच कोणी व्हॉट्सॲप उघडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. मोबाईलचा ‘नाइट मोड’ कामाचा नाही. फोन बंद करून खिशात. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन पेपरच्या तीन-चार घड्या रबराने बांधा. मंद लाल उजेड दंडपेशींना फारसा बाधत नाही. शेकोटी नकोच. थंडी वाजते तर दुसरी घोंगडी आणा.

चौकातला हायमास्ट दिसत असेल, तर तुरीच्या ओळीआड बाज सरकवा. पांदणीने ट्रॅक्टर आला, तर एक डोळा हाताने घट्ट झाका. दोन्ही डोळे वेगवेगळे सरावतात, झाकलेला वाचतो.

एवढं करूनही ‘काही दिसत नाही’ म्हणणारे असतात, कारण ते टक लावून बघतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या अगदी मधल्या ठिपक्यात दंडपेशी नसतातच. अंधूक वस्तूच्या जरा बाजूला बघा, ती उमटते. डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास डोक्यावर, किंचित उत्तरेकडे देवयानी दीर्घिका शोधा: सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरचा धुरकट पट्टा. तो नुसत्या डोळ्यांनी दिसला, की डोळे तयार.

दुर्बीण पहिल्याच वर्षी घेऊ नका. घ्यायचीच तर ७×५० ची द्विनेत्री, म्हणजे सातपट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची.

जानेवारीअखेर गेलात, तर रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला व्याध ताऱ्याच्या बरंच खाली अगस्त्य तारा बघा. हात लांब केला तर क्षितिजापासून दीड मूठ वर. त्या बाजूला झाडं नसलेली जागा धरा.