सुटीत नातेवाइकांकडे जाताना गाडी तापली: दोष फॅनच्या रिलेचा

गाडीत पाच जण, डिकी भरलेली आणि पुढे सुटीची गर्दी. रांगेत तापमानाचा काटा वर चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर पळायला लागलं की खाली येतो, तर आधी रेडिएटरच्या फॅनवर संशय घ्या. वेगात समोरचा वारा रेडिएटर थंड करतो, रांगेत ते काम एकट्या फॅनचं. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं.

अशा वेळी एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावायचा. उकाड्यात जीव नकोसा होतो, पण इंजिनची बरीच उष्णता त्यातून निघून जाते. तरीही काटा उतरला नाही तर बाजूला थांबून इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, आतल्या दाबाने उकळतं कूलंट अंगावर उडतं.

गाडी निवल्यावर एसी लावून पाहिला. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर फॅन फिरतो; माझा हलला नाही. फ्यूज शाबूत होता. उरला रिले, म्हणजे फॅनची वीज चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच. मग इंजिन बंद करून हॉर्नचा रिले फॅनच्या रिलेच्या जागी बसवला (नंबर आणि पिना तंतोतंत तशाच असतील तरच हे करा). फॅन लगेच फिरला. जुन्या रिलेची 87 नंबरची पिन (जिच्यातून फॅनला वीज जाते) काळी पडली होती. सॉकेटचं प्लास्टिक वितळलंय का तेही बघा. तिथली पकड सैल असेल तर नवा रिलेही जळतो.