सागरी शर्यतीच्या नौकेवर राहताना या चुका टाळा

महासागरी शर्यतीला जाऊ इच्छिणारे कोल्हापूरचे तरुण माझ्याकडे येतात, तेव्हा वारा आणि शिडे यांबद्दल त्यांनी बरेच वाचलेले असते. पंचगंगेच्या पुरात पोहलेल्यांना तर पाण्याची भीती नसल्याचा अभिमानच असतो. चुका होतात त्या मात्र झोप, कपडे आणि शौचालय यांच्या बाबतीत.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे डेकवरच्या कामाच्या पाळीला उशिरा उठणे. एका बाजूला कललेल्या नौकेत एका हाताने आधार धरून फ्लीस, वॉटरप्रूफ विजार, बूट, जॅकेट आणि लाइफजॅकेट चढवायला वीस मिनिटे सहज लागतात. दक्षिण अटलांटिकमध्ये आमचा एक तालमीतला गडी मध्यरात्रीच्या पाळीला ऐन वेळी उठला आणि ‘कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या खोलगट जागेत) तर बसायचे आहे’ असे म्हणत वॉटरप्रूफ विजार न घालताच वर आला. पहिल्याच मोठ्या लाटेने तो कमरेखाली चिंब झाला. अंगाच्या उबेने वाळतील म्हणून पाळी संपल्यावर तो त्याच कपड्यांत स्लीपिंग बॅगेत शिरला. खाऱ्या पाण्यातले मीठ हवेतील ओलावा शोषत राहते, त्यामुळे असे कपडे वाळत नाहीत. चार दिवसांत त्याच्या बुडाला असे फोड आले की त्याला विंचजवळ (शिडांचे दोर ओढायच्या चरकाजवळ) बसता येईना, आणि तोच बंक (झोपायची अरुंद जागा) आळीपाळीने वापरणाऱ्या सहकाऱ्यालाही ओलाव्यात झोपावे लागले. मी विजारीचे पाय बुटांवर दुमडून ठेवतो, हाक येण्याआधीच उठतो आणि झोपण्यापूर्वी अंगावरचे मीठ ओल्या फडक्याने पुसून कोरडे अंतर्वस्त्र घालतो. हा सोपस्कार ज्यांना कंटाळवाणा वाटतो, त्यांनी किनाऱ्यावरूनच शर्यत पाहावी.

सेफ्टी टेदरचा, म्हणजे आपल्याला नौकेशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचा, हुक हॅचमधून (डेकवर निघणाऱ्या दारातून) बाहेर पाऊल टाकण्याआधी अडकवावा, नंतर नव्हे. दहा नॉटच्या (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) वेगाने नौका मिनिटाला तीनशे मीटरहून अधिक पुढे जाते आणि स्पिनेकर (पुढचे मोठे फुगीर शीड) उतरवून मागे वळायला कित्येक मिनिटे जातात. तिथे पाण्यात पडलेला पट्टीचा पोहणाराही काही करू शकत नाही.

उलटीची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. ती बंदर सोडण्यापूर्वीच घ्यावी.

रात्री डेकवर पांढरा दिवा लावू नये, कारण अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला अर्धा तास घेतात.

पुरुषांनीही शौचालयात बसूनच लघवी करावी आणि पंप मारून झाल्यावर झडप बंद करावी.

डबे, हत्यारे आणि पुस्तके बांधूनच ठेवावीत. 2018 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांची नौका हिंदी महासागरात उलटली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. नौका उलटते तेव्हा सुटी वस्तू कोणाच्या डोक्यात बसेल हे सांगता येत नाही.

कांदा-लसूण चटणी अवश्य न्यावी, मात्र पहिले तीन दिवस बरणी उघडू नये. दुसऱ्या आठवड्यात, फ्रीझ-ड्राइड जेवणाचा वीट आल्यावर, इतर देशांचे सहकारीही ती मागू लागतात, म्हणून बरणी मोठी असावी.